पट किती आणि टक्का कशाचा?

शाळांविषयी आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारली आहे. आपल्या भागातील जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांपैकी बरी कोणती, आणि ते ठरवायचे तरी कशावरून? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार गावांची व शाळांची नावे वगळली आहेत.

प्रश्न: आमच्या वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, तिचा पट 23. दोन किलोमीटरवर मुख्य गावात सातवीपर्यंतची शाळा आहे, तिचा पट 141. त्या शाळेतील पाचवीची पाच मुले शिष्यवृत्तीला पात्र झाली. आमच्या शाळेचे मात्र यादीत नावच नाही. मुलीला पहिलीत घालायचे आहे. पट घसरलेली शाळा म्हणजे बुडालेली शाळा, असे वाडीतील मंडळी म्हणतात. ते खरे मानावे काय?
— एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर: आपण दिलेले आकडे खरे असतील, पण ते एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. एक शाळा चार वर्गांची आहे आणि दुसरी सात वर्गांची. वर्गागणिक भागून पाहिले तर वाडीच्या शाळेत एका इयत्तेत सरासरी सहा मुले येतात आणि मुख्य गावात वीस. अंतर आहेच, पण 23 आणि 141 हे आकडे ऐकून जेवढे वाटते तेवढे ते नाही. शिष्यवृत्तीचे म्हणाल तर आपल्या शाळेचे नाव यादीत नाही याचे कारण अगदी साधे आहे. ही परीक्षा पूर्वी चौथीला आणि सातवीला होती, 2016-17 पासून ती पाचवी व आठवीला घेतली जाऊ लागली. ज्या शाळेत पाचवीच नाही, तिचे नाव पाचवीच्या यादीत कोठून येणार? चौथीपर्यंतच्या असंख्य वाडीशाळा त्या एका बदलामुळे यादीतून निघून गेल्या, आणि त्याच सुमारास त्या शाळांची गुणवत्ता गेली असे लोक बोलू लागले. ही परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचे शासनाने 2025 मध्ये ठरवले, त्यामुळे पुढील काळात जुन्या व नव्या याद्या ताडून पाहताना इयत्ता कोणती हे आधी विचारावे.

आता पटाचे. पट घसरला की शाळा घसरली असे आपण धरून चालतो, पण पट घसरण्याची निदान तीन वेगळी कारणे असतात आणि त्यांपैकी एकच शाळेच्या अंगावर येते. पहिले कारण म्हणजे मुलेच कमी जन्मतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर 1.7 आहे, म्हणजे दोन माणसांच्या जागी दोन मुलेही येत नाहीत. दुसरे कारण म्हणजे तरुण जोडपी पुण्या-मुंबईला जातात आणि मुलांचा पट तिकडे लागतो. आपल्या जिल्ह्यातील डोंगराकडच्या वाड्यांना हे सांगण्याची गरज नाही. तिसरे कारण म्हणजे मूल वाडीतच राहते, पण सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. शाळेविषयी पालकांचे मत काय आहे, हे फक्त या तिसऱ्या आकड्यावरून कळते.

तो आकडा काढणे अवघड नाही. 31 डिसेंबरला ज्यांची सहा वर्षे पूर्ण होतात, अशा मुलांची दाखलपात्र यादी शिक्षक दरवर्षी अंगणवाडीच्या नोंदीवरून आणि घरोघरी फिरून तयार करतात. ती यादी मागून घ्यावी आणि त्यांतील किती मुले गावच्या शाळेत आली ते मोजावे. समजा, वाडीत अशी सात मुले होती आणि सहा शाळेत आली, आणि मुख्य गावात चाळीस होती व वीस आली. अशा वेळी पट मोठा असलेल्या शाळेने निम्मे गाव गमावले आहे आणि छोट्या शाळेने जवळपास सगळी वाडी राखली आहे, असा त्याचा अर्थ होतो. आपल्याकडे चित्र याच्या उलट निघण्याचीही शक्यता आहे. म्हणून म्हणतो, यादी पाहिल्याशिवाय मत बनवू नका.

शिष्यवृत्तीच्या पाच मुलांबाबत मी आणखी एक प्रश्न विचारीन: पाच कितीपैकी? येथे सर्वांत जास्त फसगत होते. समजा, एका शाळेच्या पाचवीत 40 मुले आहेत. शिक्षकांनी त्यांतील आठ हुशार मुले निवडून परीक्षेस बसवली आणि चार पात्र झाली. शाळेच्या फलकावर लिहिले जाते, निकाल 50 टक्के. दुसऱ्या शाळेत 25 मुले आहेत, सगळ्यांना बसवले आणि आठ पात्र झाली. तिचा निकाल 32 टक्के दिसतो. पण वर्गाच्या पटाशी ताडून पाहिले तर पहिल्या शाळेत दहातील एक मूल पात्र झाले आणि दुसरीत जवळजवळ तिघांतील एक. दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी सगळा वर्ग शिकवला, आणि फलकावर मात्र तेच मागे दिसतात. मला तर सरसकट बसवणाऱ्या शाळेचा 32 टक्के निकाल अधिक आदराचा वाटतो.

तरीही हे सगळे शाळांचे हिशेब झाले, आणि आपल्याला मुलीचा विचार करायचा आहे. त्यासाठी एक सकाळ काढून दोन्ही शाळांत जावे. तिसरीच्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातील पूर्वी न शिकवलेला एक उतारा वाचायला द्यावा आणि एक हातच्याची वजाबाकी घालावी. ‘असर’ या वार्षिक पाहणीत घरोघरी जाऊन असेच तपासतात. त्यांच्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या 27.1 टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. 2022 मध्ये हे प्रमाण 20.5 होते. ती पाहणी नमुन्यादाखल निवडलेल्या गावांची असते, त्यामुळे आपल्या तालुक्याविषयी किंवा शाळेविषयी ती काहीही सांगत नाही. पण तपासण्याची ती पद्धत कोणालाही वापरता येते. मुले वाचत असताना बाई वा गुरुजी काय करतात तेही पाहावे. अडखळणाऱ्या मुलाच्या तोंडातला शब्द चटकन स्वतःच पुरा करणारे शिक्षक आणि बोट ठेवून थांबणारे शिक्षक यांच्यातील फरक पाच मिनिटांत ध्यानात येतो.

वाडीच्या शाळेविषयी एका गोष्टीची चौकशी मात्र अवश्य करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावे लागतात. ते दोघेही प्रत्यक्ष शाळेत असतात का, की एक जण सतत बैठका, ऑनलाइन माहिती आणि दुसऱ्या शाळेचा तात्पुरता कार्यभार यांत अडकलेला असतो? एक शिक्षक चार इयत्ता घेऊन बसला असेल तर ती शाळा पहिलीच्या मुलीसाठी मी सुचवणार नाही, मग पट कितीही असो.

प्रश्न: आमच्या गावातील अनुदानित हायस्कूलचा दहावीचा निकाल सलग काही वर्षे शंभर टक्के लागतो. शेजारच्या गावातील शाळेचा 91 ते 93 टक्के लागतो. गावात मोठमोठे फलक लागतात. पण पहिल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले अकरावीत रखडतात असे ऐकतो. हे कसे?
— एक माजी विद्यार्थी, कोल्हापूर जिल्हा

उत्तर: राज्याचा दहावीचा निकाल 2024 मध्ये 95.81 टक्के आणि 2025 मध्ये 94.10 टक्के लागला. ज्या परीक्षेत शंभरातील चौऱ्याण्णव उत्तीर्ण होतात, तिच्या उत्तीर्णतेच्या टक्क्यावरून दोन शाळांत निवड करणे म्हणजे पाऊसकाळात कोणत्या विहिरीला पाणी जास्त ते पाहण्यासारखे आहे. 2025 मध्ये कोकण विभागाचा निकाल 98.82 आणि नागपूर विभागाचा 90.78 होता, तेव्हा शेजारच्या शाळेचा 92 टक्के निकाल वाईट म्हणावा की नाही, हे ती कोणत्या विभागात आहे यावरही ठरते.

खरा प्रश्न दहावीला बसलेल्या मुलांचा नाही, न बसलेल्यांचा आहे. नववीच्या हजेरीपटावर किती नावे होती आणि दहावीच्या परीक्षेस किती आवेदनपत्रे गेली, हे दोन आकडे मागून घ्या. मधली मुले कोठे गेली? काही जण खरोखर गाव सोडून गेलेले असतात. पण नववीच्या अखेरीस कच्च्या मुलाच्या वडिलांना बोलावून, “याला 17 नंबरचा फॉर्म भरू द्या, इथे बसवला तर नापास होईल,” असे सांगण्याची चाल अनेक ठिकाणी आहे, हे शाळेत काम केलेल्या कोणालाही विचारा. 17 नंबरचा अर्ज भरलेले मूल खाजगी विद्यार्थी होते आणि शाळेच्या निकालात त्याचा हिशेब येत नाही. शाळेचा टक्का शंभर होतो आणि मूल घरी बसून परीक्षेचा अभ्यास करते, किंवा करत नाही.

म्हणून टक्का बाजूला ठेवून एक तुकडी धरावी. आठवीला दाखल झालेली मुले तीन वर्षांनी त्याच शाळेतून दहावी उत्तीर्ण झाली का, किती झाली, आणि त्यांपैकी किती जणांना प्रथम श्रेणी किंवा त्याहून वरचे गुण मिळाले, एवढे पाहावे. शेजारच्या शाळेने आठवीतील 60 पैकी 54 मुले शेवटापर्यंत नेली असतील आणि आपल्या शाळेने 60 पैकी 41, तर शंभर टक्क्यांच्या फलकाचे काय करायचे ते गावाने ठरवावे. (हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या शाळांचे आकडे आपणच मागा.) अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण शाळेच्या हातात असतात, लेखी परीक्षेत वीस-बावीस गुणांवर असलेल्या मुलालाही ते उत्तीर्ण करून देतात. अकरावीत रखडण्याची निम्मी गोष्ट तेथेच सुरू होते.

प्रश्न: आमच्या गावातील निम्मी घरे ऊसतोडीला जातात. शाळेचा पट कागदावर 96 आहे. दिवाळीनंतर वर्गात जेमतेम 50 मुले दिसतात. आमची शाळा तालुक्यातील इतर शाळांशी कशी ताडून पाहावी?
— शाळा व्यवस्थापन समितीची एक सदस्या, बीड जिल्हा

उत्तर: आपल्या पत्रातच अर्धे उत्तर आले आहे. पटाची आणि संचमान्यतेची, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकपदांची, गणना 30 सप्टेंबरच्या पटावर होत आली आहे. त्या तारखेला टोळ्या गावातच असतात. उचल घेऊन मुकादमाशी बोलणी झालेली असतात, पण बैलगाड्या निघालेल्या नसतात. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शिक्षकांची पदे ज्या पटावर ठरतात, तो पट शैक्षणिक वर्षाचा मोठा भाग प्रत्यक्षात नसतो. उलट बाजूने पाहावे, तर सांगली-कोल्हापूरकडील कारखान्यांच्या परिसरातील शाळांत जी मुले त्या काळात येतात, ती तेथील 30 सप्टेंबरच्या पटात नसतात. मूल एका शाळेच्या कागदावर असते आणि दुसऱ्या शाळेच्या व्हरांड्यात.

त्यामुळे तुलना करायची तर स्थलांतर असलेल्या गावांशीच करावी, आणि तीन तारखांची हजेरी घ्यावी: सप्टेंबरअखेरची, जानेवारीच्या मध्याची आणि एप्रिलमधील. हजेरीपटावर विश्वास नसेल तर पोषण आहाराची नोंदवही पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम तांदूळ हे प्रमाण ठरलेले आहे. पाचवीपर्यंतची 50 मुले जेवली असतील तर पाच किलो तांदूळ शिजला असला पाहिजे. आपण सदस्या आहात. तो तांदूळ कोणत्या पातेल्यात शिजतो आणि ते किती भरते, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना विचारले की हिशेब तेथल्या तेथे कळेल. कागद चुकतो, पातेले सहसा चुकत नाही.

आणखी एक सावधगिरी बाळगा. वर्षअखेरीची संकलित चाचणी होते तेव्हा आपल्या गावची कित्येक मुले फडावरच असतात किंवा नुकतीच परतलेली असतात. जी गेली तीच बहुधा अभ्यासात मागे पडलेली असतात, आणि ती चाचणीला नसली की शाळेची सरासरी चांगली दिसते. म्हणून सरासरी कोणी सांगितली की पहिला प्रश्न हा विचारावा, की पटावरील किती मुलांनी चाचणी दिली. हंगामी वसतिगृह सुरू असेल, म्हणजे आईवडील गेले तरी मूल आजीआजोबांकडे राहून गावातच जेवते व शिकते, तर जानेवारीच्या हजेरीत ते लगेच दिसते. माझ्या मते आपल्यासारख्या गावात शाळेची खरी गुणवत्ता या एका आकड्यात आहे: सप्टेंबरमध्ये असलेल्या दर दहा मुलांपैकी जानेवारीत किती मुले येथे किंवा शिक्षण हमी कार्ड घेऊन दुसऱ्या शाळेत प्रत्यक्ष वर्गात आहेत. हा आकडा कोणत्याही फलकावर लिहिलेला नसतो. समितीच्या बैठकीत तो दरमहा इतिवृत्तात लिहून घ्यावा. समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा आहे, तो याच कामासाठी.

प्रश्न: मी वस्तीवरच्या शाळेत शिक्षक आहे. पट 11 आहे. गेल्या वर्षी चौथीत तीन मुले होती, केंद्रस्तरीय (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) चाचणीत दोन ‘प्रगत’ ठरली. आमचा निकाल 67 टक्के लिहिला गेला आणि केंद्रात शेवटचा क्रमांक आला. आदल्या वर्षी चौथीत दोन मुले होती, दोन्ही प्रगत, म्हणून आम्ही पहिले होतो. आता समायोजनाची, म्हणजे शाळा बंद करून मुले दुसऱ्या शाळेत पाठवण्याची, चर्चा ऐकू येते.
— एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: तीन मुलांच्या वर्गात एका मुलाला चाचणीच्या दिवशी ताप आला तर निकाल तेहतीस टक्क्यांनी खाली येतो. त्याला टक्का म्हणणेच चूक आहे. ‘तीनपैकी दोन’ असे लिहावे, आणि टक्का काढायचाच असेल तर सलग पाच वर्षांची सगळी मुले एकत्र करून काढावा. तरीही ती दहा-पंधरा मुलेच होतील, पण निदान दरवर्षीचा पाळणा थांबेल. केंद्रप्रमुखांना क्रम लावणे भाग असेल तर वीसच्या आतील शाळांचा क्रमच लावू नये, अशी लेखी विनंती करा. मुलांची नावे ठाऊक असतील एवढ्याच संख्येच्या शाळेत क्रमांकाचे काम मुलाच्या वहीने करावे.

समायोजनाची भीती निराधार नाही. एक ते वीस पटाच्या शाळा राज्यात सुमारे पावणेपंधरा हजार आहेत असा हिशेब मांडून 2023 मध्ये समूह शाळांचे, म्हणजे अशा छोट्या शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले होते; त्यासाठी पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील उदाहरणे पुढे केली गेली. त्या वेळी या प्रस्तावाच्या बाजूचे लोक म्हणत होते की तीन-चार मुलांच्या वर्गात मूल एकटे पडते, खेळायला गडी मिळत नाही. हे मी खोटे म्हणणार नाही. पण पहिली ते पाचवीसाठी शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे कायदा सांगतो, आणि कोकणातील एक किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात एक पऱ्ह्या (ओहोळ) आणि एक साकव असतो, हे मुंबईत बसून आखलेल्या नकाशावर दिसत नाही. वाहनाची सोय ऑगस्टमधल्या मुसळधार पावसातही येणार का, एवढे एकच विचारून पाहावे.

मात्र छोटी शाळा म्हणून ती चांगलीच असते असेही नाही. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत एकेकाळी तीनच मुले उरली होती. पुढे ती शंभरावर गेली आणि 2025 मध्ये जागतिक पातळीवरील शाळांच्या स्पर्धेत तिला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे पट खाली गेलेली शाळा वर येऊ शकते, आणि ती शिक्षकांमुळे व गावामुळे येते. एका शाळेचा पट असा चढला की माझ्यासारखा जुना माणूस केंद्रातील सगळ्या शाळांच्या पटाची बेरीज मागतो. बेरीज वाढली असेल तर मुले खाजगी शाळांतून परत आली. बेरीज तीच असेल तर ती फक्त इकडून तिकडे गेली. आपल्या केंद्राची ही बेरीज गेल्या पाच वर्षांची काढून ठेवा. चर्चा प्रत्यक्षात आलीच तर बैठकीत तिचा उपयोग होईल.

प्रश्न: शाळेच्या भिंतीवरील पटफलक, यू-डायसवरील (शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीतील) संख्या आणि मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितलेला पट, तिन्ही वेगळे आहेत. खरा कोणता?
— एक ग्रामपंचायत सदस्य, वाशीम जिल्हा

उत्तर: तिन्ही खरे असू शकतात, कारण तिन्हींच्या तारखा वेगळ्या असतील. प्रत्येक आकड्यासमोर तारीख लिहा आणि मग पाहा. जूनमध्ये दाखला घेऊन गेलेल्या मुलाचे नाव दाखल-खारीज रजिस्टरमधून वेळेवर कमी झाले नसेल, तर तेवढ्यानेही फरक पडतो. शिवाय यू-डायसमध्ये 2022-23 पासून शाळेची नुसती बेरीज न भरता एकेका विद्यार्थ्याची नोंद भरली जाते, त्यामुळे त्याआधीच्या वर्षांशी त्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. देशाचा पट एकदम खाली आल्यासारखा दिसला, त्यात हेही एक कारण होते.

पण तारखा जुळूनही आकडे जुळत नसतील तर प्रश्न विचारावाच. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा मी एका पथकात होतो. मुलांच्या बोटांना शाई लावत आम्ही वर्गावर्गांतून फिरलो. एका शाळेत चौथीच्या हजेरीपटावर बेचाळीस नावे होती आणि बाकांवर एकोणीस मुले. मुख्याध्यापक म्हणाले, बाकीची जत्रेला गेली आहेत. पहिल्या बाकावरची एक मुलगी लगेच म्हणाली, “गुरुजी, जत्रा तर चैतात असते.” तिच्या बोटाची शाई अजून ओली होती. त्या पडताळणीत राज्यभरात लाखो नावे कागदावरचीच निघाली.

आपण मुख्याध्यापकांकडे 30 सप्टेंबर रोजीचा वर्गवार पट, त्याच दिवसाची हजेरी आणि त्याच दिवसाची पोषण आहाराची नोंद, या तीन पानांच्या प्रती मागा. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक फलकावर असतोच; महाराष्ट्रातील शाळांचा तो 27 ने सुरू होतो, आणि त्यावरून त्या वर्षाचे शाळेचे अहवालपत्र संकेतस्थळावर पाहता येते. प्रती मिळाल्या नाहीत तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. अर्जात “शाळेची सर्व माहिती द्यावी” असे लिहू नका, तसे लिहिले की गठ्ठा तपासायला बोलावणे येते. शाळेचे नाव, तारीख आणि तीन पाने, एवढेच लिहा.